उधारीच्या वहीची मागची पानं

माझं प्रेशर १०८ वर आलं त्या दिवशी आमच्या आळीत पेढे वाटायचेच बाकी होते. पंधरा वर्षं वरचा आकडा १६०च्या खाली न उतरलेली बाई मी. गोळ्या बदलल्या, लसूण चावला, कुणीतरी सांगितलं म्हणून दुधीचा रसही प्यायले, प्रेशर ढिम्म. आणि २०२३च्या जुलैत घरोघरी तपासायला आलेल्या आरोग्यसेविकेनं दंडाला पट्टा बांधला तर १०८/७०. तिनं पुन्हा बांधला. तेच. जाऊबाई बाजूलाच होत्या. म्हणाल्या, "रामेश्वराक नारळ दी गो, प्रेशर उतारला तुझा."

मी नारळ दिलासुद्धा. त्याच आठवड्यात मला रात्री आडवं झोपता येईना. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं ना मला वाटलं ना आणखी कुणाला.

मालवणात माझी छोटी खानावळ आहे. सहा टेबलं. दुपारी मच्छीची थाळी, रात्री ठरलेले मेंबर. साखर चाळिशीच्या आधीच लागली होती, आता मी एकोणसाठची. कालवणाचा थेंब तळहातावर घेऊन चाटायचा आणि मीठ बरोबर आहे का ते सांगायचं, हे दिवसातून वीसदा तरी होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै. मग थाळीत सुकट, सोडे, खारा बांगडा. दुपारचं उरलेलं रात्री पेजेबरोबर माझ्याच पोटात जायचं. पावसात पाय सुजायचे तर मी म्हणायची, दिवसभर उभं राहून सुजले. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडायचा, तोही बराच वेळ भरायचा नाही. गुडघे दुखायचे म्हणून दुखण्याची गोळी रोज एक, गर्दी असली तर दोन. विहिरीवरून परसातल्या तीन पायऱ्या चढले की दम. मी म्हटलं, दमा असणार, आमच्या आईला होता.

अधिक श्रावण लागला होता. लेकीच्या घरी वाण द्यायचं म्हणून अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं. त्या रात्री दोनला मी पलंगावरून उठून खिडकीपाशी गेले ती पहाटेपर्यंत तिथेच गज धरून उभी. तीन उशा घेऊनही छातीत पाणी चढल्यासारखं होत होतं. सुनेनं १०८ला फोन लावला. प्रेशरचा आकडा १०८ आणि गाडीचा नंबरही १०८, हे तिला त्याही अवस्थेत सुचलं. रुग्णवाहिका ओरोसच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेली. तिथे ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं, आणि सकाळपर्यंत मी दोन भांडी भरली. हसू नका. त्या रात्री एवढं सुख दुसऱ्या कशानंच दिलं नसतं.

तिथून फोंडाघाटानं कोल्हापूर. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली, मग अँजिओग्राफी. शिरांमध्ये मोठा अडथळा नव्हता. इकोच्या कागदावर ईएफ ३० टक्के लिहिलेलं. आमच्या वेळी दहावीला ३५ला पास. मी डॉक्टरांना म्हटलं, मी नापास की हो. ते हसले आणि म्हणाले, इथे शंभर कुणालाच पडत नाहीत. चांगलं हृदय एका ठोक्यात आतल्या रक्तापैकी पंचावन्न ते सत्तर टक्के बाहेर ढकलतं, तुमचं तीस ढकलतंय.

मग मी तो प्रश्न विचारला, जो आळीतल्या सगळ्यांच्या मनात होता. पंधरा वर्षांचं प्रेशर आपसूक बरं कसं झालं?

"घरी विहिरीला मोटर आहे?" त्यांनी विचारलं.

आहे म्हटलं.

"मोटर दमली की नळाची धार बारीक होते. तेव्हा तुम्ही पाइपलाइन सुधारली म्हणता का?"

नारळ फुकट गेला.

वीस वर्षांची साखर आणि पंधरा वर्षांचं प्रेशर, दोघांनी मिळून हृदयाचा स्नायू दमवला होता. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८पासून माणसांची वर्षानुवर्षं तपासणी चालू आहे. तिथल्या नोंदींतून १९७४मध्येच दिसलं होतं की साखर असलेल्या पुरुषांचं हृदय असं थकण्याची शक्यता साखर नसलेल्यांच्या दुप्पट आणि बायकांची पाचपट. हे मला भाच्यानं सांगितलं. तो गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे आणि मला समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगण्याची चिकाटी त्याच्याकडे आहे. पाचपट! एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मी शाळेत पाटी घेऊन जात होते.

कोल्हापूरहून निघताना वजन एकाहत्तरचं साडेचौसष्ट झालं होतं. साडेसहा किलो पाणी घेऊन मी थाळ्या वाढत होते. हातात पाच गोळ्यांची चिठ्ठी होती. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन सकाळ-संध्याकाळ, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि लघवीची टॉर्सेमाइड. नावं पाठ व्हायला महिना लागला. सुनेनं डब्यांना ओळखीची नावं दिली. सॅक्युबिट्रिल म्हणजे 'मोठी', लघवीची म्हणजे 'धरण'.

मला घोळ वाटला तो असा: यातल्या जवळजवळ सगळ्याच गोळ्या प्रेशर उतरवतात, आणि माझं त्या दिवशी ९८. उतरलेल्याला आणखी कशाला उतरवायचं? डॉक्टर म्हणाले, आता या गोळ्या प्रेशरसाठी नाहीत, हृदयावरचा भार हलका करायला आहेत. प्रेशर थोडं उतरणं हा त्यांचा सोबतचा परिणाम. डॅपाग्लिफ्लोझिन तर मुळात साखरेची गोळी. २०१९मध्ये कमकुवत हृदयाच्या ४,७४४ रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. ती घेणाऱ्यांचं हृदय जास्त बिघडणं आणि हृदयविकारानं मरणं, दोन्ही मिळून साधारण पाव हिश्शानं कमी झालं होतं, साखर असो वा नसो. वरचा आकडा ९५च्या खाली होता त्यांना त्या अभ्यासात घेतलं नव्हतं. "तुम्ही ९८. बसता त्यात," असं म्हणून त्यांनी सही केली.

'मोठी'ची सुरुवात सगळ्यात लहान मात्रेपासून. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्तात पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघायचं, प्रेशर बघायचं, आणि झेपलं तर मात्रा वाढवायची. मेटोप्रोलॉलचंही तसंच. आणि घरी रोज वही.

वेगळी वही कोण आणणार? गल्ल्याजवळ मेंबरांच्या उधारीची जाड वही होती. तीच उलटी करून मागून लिहायला लागले. पुढून लोकांची उधारी, मागून माझी. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन. मग पाच मिनिटं खुर्चीत टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मग पट्टा. दोनदा, मध्ये एक मिनिट. पहिल्या आठवड्यात माझे आकडे कधी १३५, कधी ९०. मुलानं मुंबईहून धाडलेलं मशीन मनगटावरचं होतं. ते परत केलं. दंडाचं आणलं तर त्याचा पट्टा माझ्या दंडाला तोकडा. भाकऱ्या थापून थापून झालेले दंड ते! तोकडा पट्टा आकडा वर दाखवतो, म्हणून मोठा पट्टा वेगळा मागवला. तेव्हा कुठे आकडे माणसात आले.

आता माझ्या हातून झालेली चूक.

गणपती १९ सप्टेंबरचे. आमच्या घरी पाच दिवस, त्यात मोदकांच्या ऑर्डरी. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत ९४/६०. बघायला आलेल्या शेजारणीनं वही वाचली आणि गालावर हात ठेवला. "शंभराच्या खाली गेला मगे! आता गोळये कित्याक खातंस? आणखी खाली जायत." मला ते पटलं, कारण माझ्याच मनात तेच होतं. 'मोठी' आणि मेटोप्रोलॉल बंद. कुणाला विचारलं नाही. फोन करायला हरकत नव्हती, पण सणाचे दिवस, डॉक्टरांना कशाला त्रास, हे आपलं नेहमीचं.

चार दिवसांत आकडा ११८ झाला. मी तो सुनेला कौतुकानं दाखवला. तिनं बाजूचा आकडा दाखवला. वजन ६३.८चं ६६.५ झालं होतं. "आई, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायला सांगितलंय ना?" मी म्हटलं, मोदक. ती काही बोलली नाही. गौरी गेल्या त्या रात्री पुन्हा तीन उशा, पुन्हा खिडकी.

यावेळी डॉक्टरांनी रागावण्याआधी प्रश्न विचारले. ९४ होतं तेव्हा चक्कर आली? नाही. उठताना अंधारी? नाही. हातपाय गार? नाही. लघवी कमी? नाही. काम करत होतात? चारशे मोदक केले. "मग ते ९४ तुम्हाला झेपत होतं," ते म्हणाले. "आकडा कमी आणि माणूस ठीक, तर गोळी हलवायची नाही. माणूसच ठीक नसेल तर आधी बाकीचं काय काय चालू आहे ते काढायचं." आणि गोळ्यांची अख्खी पिशवी घेऊन यायला सांगितलं, घरात आहे नाही ते सगळं.

ती पिशवी टेबलावर उपडी केली तेव्हा मलाच लाज वाटली. जुनी प्रेशरची अमलोडिपिन मी अजून घेत होते, कारण ती 'प्रेशरची', नव्या 'हृदयाच्या', असा माझा हिशेब. अमलोडिपिन आकडा उतरवते, थकलेल्या हृदयाचं त्यात काही भलं होत नाही, उलट पाय सुजवते. ती बंद झाली आणि ९४चं १०४ आपोआप झालं, 'मोठी' परत सुरू करूनसुद्धा. दुखण्याची गोळी निघाली. ती मीठ-पाणी अंगात धरून ठेवते आणि किडनीवर येते. आणि साखरेची जुनी तीन-औषधं-एकात वाली गोळी. तिच्यात पायोग्लिटाझोन होतं. तेही पाणी धरतं, आणि हृदय कमकुवत असणाऱ्यांना द्यायचं नसतं. ओरोसला जायच्या आधी तीन वर्षं मी ती घेत होते आणि पाय दाखवत फिरत होते. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या पायाकडे एकदा खाली वाकून बघितलं असतं तर, असं अजून मनात येतं. भाचा म्हणाला, २०१३च्या जूनमध्ये सरकारनं हेच औषध थांबवलं होतं आणि जुलैत ठळक इशारा छापायच्या अटीवर परत आणलं. तो इशारा वेगळ्या आजाराबद्दल होता, आणि पाकिटावरचं बारीक टायपातलं वाचणारे आपण कोण?

त्याच भाच्याशी माझं एकदा वाजलं. कुणीतरी गटावर पाठवलं होतं की वरचा आकडा १२०च्या खाली ठेवला तर माणूस जास्त जगतो. मी म्हटलं, मग माझं १०४ म्हणजे पहिला नंबर. त्यानं मुळापर्यंत जाऊन सांगितलं. तो २०१५चा अमेरिकन अभ्यास, नऊ हजारांवर माणसं, पण त्यात साखरवाल्यांना घेतलंच नव्हतं, आणि माझ्याएवढं हृदय थकलेल्यांनाही नाही. "मावशी, त्या पंगतीत तुझं पान मांडलेलंच नाय." ज्यांचं हृदय थकलेलं आहे त्यांच्यात उलटंच दिसतं, म्हणाला. फार खालच्या आकड्याची माणसं पुढे जास्त त्रासात जातात. पण ते खालचं प्रेशर बहुधा दमलेल्या मोटरची खूण असते. म्हणून आकडा वर आणायला गोळी सोडली तर मोटर आणखी दमते. हे वाक्य मी गणपतीत करून पाहिलं होतं. माझ्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेली पट्टी शंभर ते एकशे तीस, आणि शंभराच्या खाली गेलं तर आधी फोन.

मिठाचं काय केलं ते बऱ्याच जणी विचारतात. पापड, लोणचं, सुकी मच्छी, हे तर सगळेच सांगतात. मला फसवलं सोलकढीनं. मला वाटायचं कोकम म्हणजे औषध. पण बाटलीतलं आगळ मिठातच मुरवलेलं असतं. आता घरची कढी सुकी सोलं पाण्यात भिजवून करते, वरून मीठ चिमटीपुरतं. पावसात खारातल्या कैऱ्या बंद. ताज्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं दोन जास्त टाकली की मिठाची आठवण कमी येते, निदान माझ्या मेंबरांना तरी कळलेलं नाही. कालवण चाखायचं काम सुनेकडे दिलं, आणि खरं सांगते, गोळ्या खाण्यापेक्षा हे जास्त जड गेलं. सत्तावीस वर्षं ज्या जिभेवर घर चाललं ती जीभ निवृत्त.

मिठाऐवजी पोटॅशियमवालं 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं, तेही मला चालत नाही, हे शहाळ्यामुळे कळलं. अशक्तपणाला चांगलं म्हणून दीर रोज एक शहाळं काढून द्यायचे. घरचीच माडं. रक्तात पोटॅशियम वाढून ५.७ निघालं. स्पायरोनोलॅक्टोन आणि 'मोठी' दोन्ही पोटॅशियम वाढवतात, शहाळ्यात ते भरपूर, आणि किडनी साखरेनं आधीच थकलेली. स्पायरोनोलॅक्टोन अर्धी केली, शहाळं बंद. दिरांना वाईट वाटलं. कोकणात एखाद्याला शहाळं नको म्हणणं म्हणजे भांडण काढल्यासारखंच.

डॅपाग्लिफ्लोझिनबद्दल एक गोष्ट बायका बोलत नाहीत, म्हणून लिहून टाकते. ती गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते आणि खाली खाज सुटते, बुरशी होते. पाण्यानं धुवायचं, कोरडं ठेवायचं, आणि झालीच तर क्रीम असतं, काही दिवसांत जातं. मी लाजून तीन आठवडे सोसलं. आणि उलट्या-जुलाब झाले किंवा जेवणच जात नसेल तर ती तेवढे दिवस थांबवायची, नाहीतर रक्तात आम्ल वाढतं. म्हणून माझे श्रावणी सोमवारचे निर्जळी उपास गेले. देवाला काय, तो समजून घेतो, जाऊबाईंना पटवताना जास्त वेळ लागला.

'धरण' मात्र प्रवासाच्या दिवशी नकोशी व्हायची. कणकवलीपासून राधानगरीपर्यंत बाईमाणसानं गाडी थांबवायची कुठे? मी ती गोळी त्या दिवशी गाळायची. दोनदा असं झालं, दोन्ही वेळा कोल्हापूरला वजन दीड किलो जास्त. शेवटी डॉक्टरच म्हणाले, गाळू नका, पोचल्यावर घ्या.

२०२४चा मे. उकाडा असा की अंगाला अंग लावू नये. पहाटे मोरीतून उठले आणि भिंत धरली. अंधारी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चक्कर आली तर प्रेशर आणि साखर दोन्ही बघायची, ही शिकवण होती, कारण मेटोप्रोलॉलमुळे साखर उतरल्यावरची छातीतली धडधड कळत नाही, फक्त घाम येतो. साखर ११८, ठीक. मग सुनेनं आडवी असताना प्रेशर घेतलं, ११२/६८. उभं केलं, तीन मिनिटांच्या आत परत घेतलं, ८६/५४. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला तर ते लक्षात घ्यायचं असतं. माझा वरचा सव्वीस उतरला होता. साखर नुसती पायाच्या नसा बधिर करत नाही, उभं राहिल्यावर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाही मारते. त्यात घामानं अंगातलं पाणी गेलेलं, आणि मी सगळ्या गोळ्या सकाळी एकदमच चहाबरोबर.

यावेळी फोन केला. चारही मुख्य गोळ्या तशाच राहिल्या. टॉर्सेमाइड अर्धी झाली, पावसाळा सुरू होईपर्यंत. स्पायरोनोलॅक्टोन दुपारी, मेटोप्रोलॉल रात्री. आणि उठताना आधी कुशीवर, मग कडेला बसायचं, पोटऱ्या दहादा हलवायच्या, मग उभं. चार दिवसांत उभ्यानं १०२.

२०२५च्या जानेवारीत इको परत झाली. ४१. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, पास. मी विचारलं, मग आता गोळ्या? ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मीच म्हटलं, बरं.

नारळी पौर्णिमेला बंदरापर्यंत चालत गेले, येताना दोनदा बसले. त्या दिवशीची नोंद: वजन ६२.९, प्रेशर १०८/६६. तोच १०८, मात्र रामेश्वराला नारळ दिला नाही. जाऊबाईंनी विचारलं, आकडा चांगला की वाईट? मी म्हटलं, पाय बघा, उशी बघा, मग सांगते.

वहीत उधारीची पुढची पानं आणि माझी मागची पानं यांच्यामध्ये आता सहाच कोरी पानं राहिलीत. सुनेला नवी वही आणायला सांगितलीय. ती म्हणते दोन आणते, वेगवेगळ्या. मी म्हटलं, एकच आण, जाड.